ओदेतने गाडी काढली

प्रिय रेमोंद,

फोनवर सांगायला गेले असते तर तू मध्येच बोलली असतीस आणि मी नेहमीसारखी हवापाण्यावर येऊन थांबले असते, म्हणून लिहितेय. घाबरू नकोस, बातमी वाईट नाही.

गास्तों वारल्यावर, घरात एकटी उरल्यावर, वरच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना द्यायला लागले हे तुला ठाऊक आहे. तेव्हा कॅफेवाला फेलिक्स सगळ्यांसमोर म्हणाला होता, "इथं कोण कडमडणार गं? चर्चचं घड्याळसुद्धा कंटाळून बंद पडलंय." पण माणसं आली. ज्यांना शहरातला गोंगाट नको, गाडी लावायची मारामारी नको, ती नकाशावर बोट फिरवत नेमकी आमच्या गावाशी थांबतात. इथून सगळंच दीड तासाच्या आत. नीम शहरातलं रोमन रिंगण, युझेसचा शनिवारचा बाजार, गार नावाच्या नदीवरचा तो कमानींचा रोमन पूल, कामार्गचे पांढरे घोडे. दिवसभर भटकायचं आणि संध्याकाळी माझ्या तुतीखाली पाय पसरून बकरीचं चीज खात बसायचं. सकाळी मी त्यांना कागदावर रस्ते काढून द्यायची, वर ऐटीत सांगायची, "दहाच्या आत पोचा, उजव्या काठानं जा." लोक म्हणायचे, ओदेतबाईंना अख्खी दक्षिण पाठ आहे.

खरं सांगू? नीमच्या इस्पितळापलीकडे मी यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. गास्तों वाइनची पिंपं पोचवत सगळीकडे फिरायचा आणि जेवताना वर्णनं करायचा. तीच मी इतकी वर्षं वाढत होते.

मागच्या वर्षी जूनमध्ये हॉलंडहून हेंड्रिकाबाई आणि त्यांचा नवरा वाउटर आले. त्यांना मी पहिल्यांदाच गास्तोंच्या एका जुन्या नदीकाठच्या रस्त्यानं धाडलं. दुपारीच दोघं धुळीनं माखून परत. बाईंनी माझा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "ओदेतबाई, हा रस्ता पुरात वाहून गेलाय. तिथला मेंढपाळ सांगत होता, नऊ वर्षं झाली. तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात?"

मी जर्दाळूचा मुरंबा ढवळत होते. थाप मारता आली असती. पण तोंडून निघून गेलं, "कधीच नाही."

मला वाटलं, आता या बॅगा भरणार. तर बाई नवऱ्याकडे वळून म्हणतात कशा, "वाउटर, उद्या तू मागच्या सीटवर."

दुसऱ्या दिवशी मी तो पूल पाहिला. चाळीस मिनिटं लागली गं, फक्त चाळीस. दगडावर हात ठेवला तर तो उन्हानं तापलेला, आणि रंग मधासारखा. गास्तोंनं कमानी मोजून सांगितल्या होत्या, रंग कधी सांगितलाच नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप, स्वतःवरच. तरुणपणी एकदा मी त्याला गाडी शिकव म्हटलं होतं. तो हसून म्हणाला, "तुला जायचंय कुठं?" जायचं कुठं होतं ते मला पक्कं माहीत होतं, तरी गप्प बसले.

सप्टेंबरात मी गाडीच्या शिकवणीला नाव घातलं. सहासष्टाव्या वर्षी! शिकवणारी नादेज माझ्या निम्म्या वयाची, पण जीभ माझ्या दुप्पट. "ओदेत, ब्रेक म्हणजे द्राक्षं तुडवायचं पिंप नाही!" मी गावातून जायला लागले की फेलिक्स दारात येऊन ओरडायचा, "कोंबड्या आत घ्या रे, ओदेत निघाली!" लेखी परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाले. रस्त्यावरच्या परीक्षेत मात्र दोनदा आपटले. पहिल्यांदा गोल चौकाशी मी येईल त्याला हातानं "जा, तुम्ही आधी जा" करत राहिले. परीक्षक म्हणाला, "बाई, तुम्ही यजमान नाही आहात इथं." दुसऱ्यांदा चढावर गाडी तीनदा बंद पडली आणि मला रडू फुटलं. फेलिक्सनं त्या दिवशी विनोद केला नाही, गुपचूप कॉफी आणून ठेवली. त्याचंच मला जास्त लागलं.

तिसरी परीक्षा मागच्या महिन्यात, ऐन द्राक्षतोडणीत. अरुंद रस्ता, दोन्हीकडे दगडी बांध, आणि वळणावर समोरून ट्रॅक्टर, मागे द्राक्षांनी भरलेली ट्रॉली. ट्रॅक्टरवाला हात वर करून बसला. त्याला मागे जाता येणारच नव्हतं. परीक्षक खिडकीबाहेर बघत राहिला. मी मान वळवली, मागचा गियर टाकला आणि साठ मीटर उलटी गेले, रेमोंद! सरळ रेषेत, कुठेही न घासता, शेताच्या फाटकापर्यंत. ट्रॅक्टरवाल्यानं जाताना टोपी काढली. दोन दिवसांनी पंचायतीतल्या पोरीनं संगणकावर निकाल पाहिला आणि खिडकीतूनच चौकभर ओरडली, "पास! ओदेत पास!" फेलिक्सनं कॅफेतल्या प्रत्येकाला स्वतःच्या खर्चानं वाइन पाजली. गावात असं कधी घडलेलं नाही.

मग मी एकटीनं सगळं पालथं घातलं. आता पाहुण्यांना सांगते ते माझ्या डोळ्यांचं असतं. येता आठवडा सोडला तर खोल्या पुढच्या ऑक्टोबरपर्यंत भरल्यात.

आता जे सांगायला बसले ते. तुझा ज्यूल गेला तेव्हा मी कळवलं होतं की मला ताप आहे. ताप नव्हता. ज्यूलनं तुमच्या लग्नात चार लोकांत गास्तोंची टर उडवली होती, ते तो विसरला नव्हता. म्हणाला, "मी त्या दारात गाडी नेणार नाही." आणि मला दुसऱ्या कुणाला विचारायची लाज वाटली. तू एकटी दफनभूमीत उभी होतीस आणि मी, तुझी बहीण, इथं वाटाणे सोलत होते. अकरा वर्षं तू मला त्या तापाबद्दल काही विचारलं नाहीस, यावरून कळतं की तुला माहीत होतं. गुरुवारी सकाळी मी निघतेय, एकटी. दुपारपर्यंत तुझ्या कोलियूरला पोचेन. आधी ज्यूलला भेटू, मग तुझा समुद्र दाखव. आठ दिवसांसाठी शांत खोली हवी आहे, आणि दाराशी गाडी लावायला जागा ठेव.

तुझीच,
ओदेत