मुठीतला आकडा

९ डिसेंबर, मंगळवार. श्रीरामपूर

चहा गार झाला तरी चालेल, आधी हे लिहितो.

साखर कारखान्यातले बॉयलरवाले भाऊसाहेब उसाचा भुसा मुठीत दाबून ओल जोखतात आणि किलोमागं किती उष्णता निघेल, ते वहीत मांडतात. आज त्यांनी लिहिलं २२००. प्रयोगशाळेच्या नव्या यंत्राचा कागद म्हणाला ९२००. तरुण केमिस्ट हसला, "भाऊसाहेब, मूठ आता रिटायर करा."

"बरं हाय, सायेब," म्हणत त्यांनी वही मिटली. ती मिटलेली वही मला दिवसभर सलत होती. तरी मी बातमी लिहिली तीच: मूठ चुकली.

सातला पाठवायची. पावणेसातला सहज आकड्यांपुढची एककं वाचली. वहीत किलोकॅलरी, कागदावर किलोज्यूल! एका किलोकॅलरीचे ४.१८ किलोज्यूल. २२०० गुणिले ४.१८... नऊ हजार एकशे शहाण्णव! इतकी वर्षं बातम्या लिहितोय, हे आधी कसं नाही पाहिलं?

बातमी पुसली, फोन लावला. "भाऊसाहेब, तुमचा आणि यंत्राचा आकडा एकच आहे!"

पलीकडून हसू. "मंग त्या मशीनला म्हनावं, लई हुशार हाय गं तू!"

आता हेच वाक्य बातमीच्या सुरुवातीला. उशीर झाला, होऊ दे.