भरलेला डबा

टेंभुर्णी, ३ नोव्हेंबर २०२५

चि. ज्योत्स्ना हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

माझे कान फोनला आता बिलकुल दाद देत नाहीत, म्हणून पत्र. तुझ्या भावाच्या बॅटरी-रिक्षाला पंख फुटलेत! जाफराबादच्या वाटेवरच्या चढाला बॅटरी मान टाकायची. सुमितने जालन्याच्या भंगारातून कपॅसिटरचा डबा आणून तिच्या जोडीला बसवलाय. उतारावर ब्रेक लागला की डबा भरतो आणि चढावर एका दमात ताकद सोडतो. तुझी आई पहिल्यांदा बसली तेव्हा पदर सावरत सुमितला शिव्या घालत होती. फक्त डबा एका बाजूने फुगलाय, सीटही गरम लागते. तू पुण्यात गाड्यांच्या बॅटऱ्या तपासतेस. भ्यायचं कारण आहे का, ते कळव.

माया आहेच, पत्रही येऊ दे.
तुझे बाबा, तातेराव

पुणे, ८ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

पत्र वाचताच सुमितला फोन लावला, तो बंद लागला, म्हणून लगेच लिहितेय. भ्यायचं कारण आहे. बॅटरी सावकाश देते, कपॅसिटर क्षणात सगळं ओततो. डबा आजच काढायला लावा. बॅटरी काढली की गाडी मेली, असं समजून आपल्याकडे लोक कुठेही हात घालतात. हा डबा मात्र बॅटरीपासून सोडवला तरी भरलेलाच राहतो. त्याच्या दोन टोकांमध्ये लोखंड आलं तर हात भाजून निघेल. त्याला दिवा जोडून ठेवा. दिवा हळूहळू मंद होत विझला की डबा रिकामा. सुमितला म्हणावं, घाई केलीस तर येऊन कान धरीन.

आईला जयभीम. लोभ असू द्यावा.
तुमची ज्योत्स्ना

टेंभुर्णी, सोमवार, १७ नोव्हेंबर

चि. ज्योत्स्ना हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

ताई उगीच भिवून राह्यली, असं म्हणत सुमित हसला. पण तुझ्या धाकाने डबा काढला. रिक्षाच्या हेडलाइटचा छोटा दिवा जोडला. तू हळूहळू म्हणाली होतीस, हा तर भपकन पेटला आणि लगेच विझला! पुण्याच्या इंजिनिअरबाईंची त्यावरून बरीच थट्टा झाली. रिकामा डबा आता भंगारवाल्याला परत जाईल. त्याच्या दोन टोकांच्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्यात. आपल्या घरातून मळकी वस्तू जायची न्हाई, असं तुझ्या आईचं म्हणणं. चिंच आणि तारेची घासणी तिने काढून ठेवलीय. तू निर्धास्त राहा.

आमची आठवण राहू दे.
तुझे बाबा

जालन्याच्या बसमधून, गुरुवार, २० नोव्हेंबर

ती. बाबांस,
जयभीम.

तुमचं पत्र आज सकाळी हाती आलं. बाबा, तो दिवा विझला नाही, जळाला. एवढासा दिवा तो जोर सोसत नाही, त्याची तार तुटते. डबा अजून भरलेलाच आहे. आईला घासणी लावू देऊ नका.

सुमितचा फोन आजही बंद लागतोय. शेजारच्या उषाबाई उचलत नाहीत. पत्राआधी मीच पोचेन, हे कळतंय. पण नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय. मला फार भीती वाटतेय, बाबा. तुम्ही सोमवारी लिहिलंत, आज गुरुवार आहे. आईने हाती घेतलेलं काम दुसऱ्या दिवसावर टाकल्याचं मला एकदाही आठवत नाही.

तुम्हा दोघांचा लोभ असाच राहू दे.
तुमची ज्योत्स्ना