अकरा ग्लास

सोमवार, १८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठाकठीक. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तोंड गुडघ्यापेक्षा बरं चालतं. लॅबमधला धूर ओढणारा पंखा अखेर दुरुस्त झाला. अर्ज लिहून लिहून तुझे हात मोडले आणि तू गेल्यावर आठ दिवसांत माणूस हजर! तुझ्या टेबलावर आता एक नवी मुलगी बसते. गुणी आहे, पण बाटलीचं झाकण उताणं ठेवायची अक्कल नाही. शिकवणीच्या वर्गातली पोरं तुला छळत नाहीत ना? तुझ्यासारखीनं वर्गमूळं शिकवत बसायचं म्हणजे शर्यतीची घोडी टांग्याला जुंपल्यासारखं. असो. जेवणाची हेळसांड करू नकोस.

कालचा रविवारचा कार्यक्रम झाला. शाळांची चारशे पोरं होती. शेवटचा ‘घड्याळा’चा प्रयोग सरांनी पुन्हा माझ्याकडे दिलाय. दोन पाण्यासारखी औषधं एकत्र ओतायची, पोरांनी आकडे मोजायचे आणि विसाव्या आकड्याला ग्लास शाईसारखा निळा. पोरं अशी किंचाळतात की सातवी नापास माणसाला आपण कुणी मोठे शास्त्रज्ञ आहोत असं वाटायला लागतं. एकतीस वर्षं बाटल्या धुतल्या, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या वाचून रसायन शिकलो, त्याचं एवढंच काय ते चीज.

मी ओतायच्या आधी सर माईकवर तुझी गोष्ट सांगतात. नाव घेत नाहीत. “आमच्याकडे एक विदुषी होत्या,” असं सुरू करतात. लोक हसतात. हसणं ओसरलं की मला मान हलवून खूण करतात आणि मी ओततो.

हे तुला लिहायला नको होतं. पण आता सुरुवात केलीच आहे.

जूनमधल्या त्या शनिवारची गोष्ट. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. तू एकाऐवजी अकरा ग्लास मांडले होतेस. एकामागून एक, टाळीच्या तालावर निळे होणार होते. तुला फेलोशिप देणाऱ्या संस्थेचे पाहुणे पहिल्या रांगेत बसणार होते. मी नेहमीसारखा तराजूकडे वळलो, तर तू म्हणालीस, “मामा, मोजमाप मी बघते. तुम्ही फक्त ग्लास पुसून ठेवा.” तुझ्या शेजारच्या टेबलावरचा तो उंच मुलगा लगेच म्हणाला, “मामांना बढती! पुसणं-फडकं विभागाचे प्रमुख!” सगळे हसले. तूही हसलीस. वाईट मनानं नाही, मला ठाऊक आहे. तराजू कसा धरावा, काच कशी उजेडात बघावी, हे तुला परकरातली असताना मीच शिकवलं होतं.

तुम्ही सगळे चहाला गेलात. माझ्या खिशात व्हिटॅमिन सीची गोळी होती. त्या घड्याळाला खीळ घालते ती, हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मीच शोधलंय. चिमूटभर कुटून तुझ्या मोठ्या बाटलीत टाकली. वाटलं, दहा-वीस आकडे उशीर होईल, तू घाबरून माझ्याकडे बघशील, मी पुढे होऊन “थांबा, थांबा” म्हणेन. बस, एवढंच हवं होतं गं.

पण अंदाज माझ्या जुन्या कृतीचा होता. तू औषधं वाचवायला सगळं पातळ केलं होतंस, ते मला कुठे माहीत? दुधात मिठाचा खडा पडावा तसं झालं. रविवारी पोरांनी वीस मोजले, चाळीस मोजले, शंभर मोजले. मग कुणीतरी ओरडलं, “अहो, पाणीच आहे ते!” सरांनी तुझ्या हातातून माईक घेतला. “मुलांनो, पाच वर्षं पीएचडी करून पाण्यात पाणी मिसळलं की काय होतं?” आणि चारशे पोरं एका सुरात, “पाणी!” सरांनी त्यांना तीनदा म्हणायला लावलं. तू बाटली छातीशी धरून उभी होतीस. तू माझ्याकडे बघितलंस. मी पुढे आलो नाही.

सगळे गेल्यावर ग्लास धुवायला सिंकपाशी नेले. तिथे पाऊण तासानं पहिला निळा झाला. मग दुसरा. मग तिसरा. अकराच्या अकरा, ओळीनं, सारख्या अंतरानं, जणू कुणी टाळी देत होतं. तुझं मोजमाप तंतोतंत होतं, भिंगरे. मी शेवटचा निळा होईपर्यंत उभा राहिलो. मग सगळे धुऊन, पुसून जागेवर ठेवले.

त्यानंतर तू बोलत राहिलीस, की बाटलीत कुणीतरी काहीतरी घातलंय, हे त्या उंच मुलाचंच काम. सर म्हणाले, “नाचता येईना, अंगण वाकडं.” समिती बसली. तिथे तू म्हणालीस, “मामांना विचारा. त्यांच्यासमोर बाटली भरली आहे, ते खोटं बोलणार नाहीत.” मला आत बोलावलं, खुर्ची दिली. मी म्हणालो, “पोरीचा हात चांगला आहे, पण घाई फार.” एवढंच बोललो. सहकाऱ्यावर खोटा आरोप केला म्हणून त्यांनी तुला काढलं, ते त्या एका वाक्यावर.

घरीही मी तेच सांगितलं. आई तुला फोनवर फाडून खाते ना, “मामाचं ऐकलं असतंस तर!”, तेव्हा मी शेजारीच असतो. फोन ठेवला की तिला पाणी देतो.

निकालानंतर तू मला फोन केलास. “मामा, फेरविचाराला तीस दिवस आहेत. काही आठवलं तर नक्की सांगा हं.” मी म्हणालो, “आठवलं तर सांगतो, बाळा.” त्या उंच मुलाची तू माफी मागितलीस, तेही कानावर आलं. आपल्या हातून पाप झालं म्हणून रडत होतीस म्हणे.

ते तीस दिवस परवा शनिवारी संपले. मी सगळं कागदावर लिहून घेऊन गेलो होतो. दुपारी तीनपासून कार्यालयासमोरच्या बाकावर बसून होतो, कागद मांडीवर. पाच वाजता कारकुनानं खिडकी लावली आणि मला म्हणाला, “मामा, काही काम होतं का?” मी म्हणालो, “नाही रे, पाय दुखले म्हणून टेकलो.” आता हे पत्र कुणाला दाखवलंस तरी नियमानं उपयोग नाही, तेही मी त्याला विचारून घेतलं.

खिडकी लागली तेव्हा मला हायसं वाटलं. तुला लिहायचं बळ त्या हायसं वाटण्यातूनच आलं. हे तुला कळायला हवं, नाहीतर तू मला आणखी प्रेमानं वागवशील.

तू साक्षीला बोलावलेला,
मामा