'या' म्हणजे पुरे

प्रिय चिरंजीव,

'प्रिय' सवयीने लिहून गेले, त्यावर हुरळून जाऊ नकोस. मी चिडले आहे. फोनवर चिडले की तुझं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं, म्हणून कागदावर चिडते आहे.

तुला न सांगता मी स्पॅनिशच्या क्लासला जाते. चष्म्याच्या दुकानातून सुटले की तशीच, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत. वर्गातली सगळी पोरं माझ्या निम्म्या वयाची. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, कोणाची तरी आई न्यायला आली आहे. आता मलाच विचारून लिहितात. 'मे गुस्ता' समजावताना बाईंनी इंग्रजीतून अर्धा तास घसा कोरडा केला, तेव्हा मी म्हटलं, अहो बाई, हे तर आमचं 'मला आवडतं', यात एवढं अवघड काय? त्यांचे दोन 'आहे' मात्र छळतात. तेवढ्यापुरतं काही असलं तर 'एस्तोय', कायमचं असलं तर 'सोय'. मी आई आहे, याला 'सोय' लागतो म्हणे. बरोबरच आहे, आजवर तुझी सोयच तर झाले मी.

तर या बाईंनी मागच्या आठवड्यात 'या' शिकवला. 'या' म्हणजे झालं, पुरे. दोनदा म्हटलं की बस कर आता. माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. दर रविवारी फोनवर माझी नात, एरवी तिथल्यासारखं सगळं स्पॅनिशमध्येच बोलणारी, हात हलवून 'या, या' म्हणते. मला बोलावते का रे, असं मी तुला विचारलं होतं आणि तू हो म्हणालास. नुसतं 'ये' नाही, आजीला 'या' म्हणते, केवढं वळण लावलंय लेकाने, म्हणून मी दुकानभर मिरवलं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवताही सांगितलं. पासपोर्ट काढला, माळ्यावरची बॅग उतरवून पुसून ठेवली. आणि तू? कधी घर लहान, कधी थंडी फार, कधी सूनबाईंची परीक्षा. आईला तोंडावर गोड बोलायचं आणि दार लावून घ्यायचं, ही कुठली रीत? सरळ 'नको येऊस' म्हणाला असतास तर रडले असते, पण असं हसं तरी झालं नसतं.

पोरीवर माझा राग नाही. चार वर्षांचा जीव, कंटाळली की 'पुरे' म्हणणारच. तेही मी गिळलं असतं, आणि हे पत्र लिहिलं नसतं. पण परवाच्या रविवारी तिने फोनला नाक लावून मला काहीतरी विचारलं आणि तू घाईघाईने म्हणालास, आई, तिला झोप आलीय, ठेवतो. अरे, झोपेचा शब्द आम्ही दुसऱ्याच धड्यात केला, तो त्यात नव्हता. ती म्हणाली, 'कुआंदो व्येनेस, आब्वेला?' आजी, तू कधी येणार? याआधी किती वेळा विचारलं असेल तिने, आणि प्रत्येक वेळी तू तिला काय सांगितलंस? आजीलाच यायचं नाही, असं? मी तुला नको असेन तर तू तुझ्या तोंडाने सांग. त्या लेकराच्या तोंडी खोटी झोप घालू नकोस. तू फोन ठेवायच्या आत मी तिला उत्तर दिलं. तुला वाटलं मी खोकले. मी 'प्रोन्तो' म्हणाले, लवकरच, आणि तिला ते कळलं, टाळ्या वाजवल्या तिने. शब्द तिला दिला आहे, तुला नाही. तिकीट काढलं. विमानतळावर तू आला नाहीस तरी चालेल, पत्ता विचारण्यापुरतं मला येतं.

तुझीच, नाइलाजाने,
आई