वाळकाची चव

आई, तुझ्या वाळकाचं बी संपलं. गाडग्यातली राख तळापर्यंत खरवडली आणि हाती आलं ते सगळं यंदा पेरून टाकलं. सगळं बी एका साली मातीत घालू नये, मूठभर मागं ठेवावं, असं तू सांगायचीस. पण बी म्हातारं झालं होतं गं. जमीन होती तोवर दर साली नवं बी धरलं, हे त्यातलं शेवटचं. आणखी थांबले असते तर तेही मेलं असतं.

धायरीतल्या आपल्या वावरात आता इमारती आहेत आणि त्यातल्याच एकीत मी राहते. वेल गच्चीवर, कुंडीत. तुझ्या वेळी बाजरीत वाळकाचे वेल सोडलेले असायचे आणि सगळ्या आळीत एकच वाण, त्यामुळे कुठली माशी कुठल्या फुलावर बसते याची कुणाला फिकीर नव्हती. इथे पलीकडच्या गच्चीवर शेजारच्या काकांनी खरबूज लावलं. माझ्या वेलाचं बी धरून पुढच्या साली पेरलं, तर गोलसर, गुळमट असं काहीतरी लागलं. ना धड वाळूक, ना धड खरबूज. काकांना सांगायला गेले तर म्हणाले, "अहो, मधमाश्यांना सोसायटीचे नियम वाचून दाखवा की." एरवी मीही हसले असते. त्या दिवशी घरी येऊन दार लावून रडले.

मग जुनं बियाणं जपणाऱ्या संस्थेतली एक मुलगी आली. म्हणाली, "काकू, सगळ्या जगाचं पोट आता मोजक्याच वाणांवर चाललंय. एखादा रोग आला की सगळीकडचं पीक एकदम आडवं होतं, मग असे जुने वाण शोधत फिरावं लागतं. हे वाळूक आम्हाला दुसरीकडे कुठेच मिळालं नाही. बी द्या, थंड खोलीत नीट राहील. पण वाण खात्रीचा हवा हं." तेव्हापासून माझी झोप उडाली. रोज सकाळी गच्चीवर जायचं, नराचं फूल मादीच्या फुलावर घासायचं आणि वर मलमलचं फडकं बांधायचं. धरलेली फळं पिवळी पडून गळायची. मी वेलाशी बोलायला लागले, विनवण्या केल्या, शिव्याही दिल्या. शेवटी एकच फळ टिकलं.

तू बी धरायचीस ते डोळ्यांनी नाही. फळ चिरतेस, पहिली फोड तोंडात टाकतेस, डोळे मिटतेस. आम्ही भोवती बसून तुझ्या तोंडाकडे बघतोय. कधी म्हणतेस, "हाय, आपलंच हाय." कधी तोंड वाकडं करून, "न्हाई, ह्येचं बी नगं. गुरांना घाला." कसं ओळखलंस म्हणून विचारलं तर म्हणायचीस, "जिभंला कळतंय. खात जा, तुलाबी कळंल." खाल्लं गं, पुष्कळ खाल्लं. पण तू होतीस ना, मग चव मी कशाला लक्षात ठेवू?

आज ती मुलगी आली आणि तिच्यासमोर मी फळ चिरलं. पट्टे बरोबर, लांबी बरोबर. "तुम्हीच खाऊन सांगा," ती म्हणाली. पहिली फोड आंबूस लागली, शेवटी जरा कडसर. आपलं कडसर असायचं का? दुसरी फोड खाल्ली, तिसरी खाल्ली. डोळे मिटले. काही म्हणजे काही आठवेना. गाडग्यातलं बी तरी निर्भेळ होतं, हीसुद्धा माझीच समजूत. विचारावं असं आळीतलं कुणी उरलेलं नाही.

ती पाकिटावर नाव लिहायला थांबली होती. "काकू, हेच ना?"

हे पत्र कुठे टाकणार, आणि टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं. मी हो म्हणाले, आई. मला माहीत नव्हतं, तरी हो म्हणाले.