मागच्या बाजूचे तीन पितळी स्क्रू

मी, सोगा मित्सुए, वय वर्षे शहाऐंशी, कै. सोगा कोहेई यांची एकुलती एक मुलगी व कै. तोकुजिरो यांची विधवा, राहणार साइजो, इशिझुची डोंगराचा पायथा, आज सकाळी एकशे बारा कुंड्यांना स्वतःच्या हाताने पाणी घालून, हात पुसून हे मृत्युपत्र लिहायला बसले आहे. कुठल्या कुंडीला किती पाणी लागते हे जिला आठवते तिचे डोके ठिकाणावर आहे, असे समजावे. डॉक्टरचा दाखलाही जोडला आहे, कारण माझा मुलगा शिगेताका माणसांपेक्षा दाखल्यांवर जास्त विश्वास ठेवतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. या वयात दडपण आणायला तरी कोणाला सवड आहे!

कलम १. राहते घर, पुढचे अंगण आणि डोंगराच्या उतारावरच्या चारही पायऱ्यांची जमीन ही माझ्या वडिलांची, म्हणून माझी मिळकत आहे. माझा नवरा इथे घरजावई म्हणून आला. येताना एक पेटी आणि पुष्कळ मते घेऊन आला. बोन्सायचे गुरू म्हणून त्याचे नाव झाले ते माझ्या वडिलांच्या आडनावावर आणि वडिलांनीच कड्यांवरून उतरवलेल्या झाडांवर. हे घर मी शिगेताकाला देते. घराबरोबर त्याच्या बापाची सर्व मानचिन्हेही त्यानेच घ्यावीत. ती पुसून पुसून माझा हात दुखतो.

कलम २. लाकूड कोरण्याचे विजेचे यंत्रही शिगेताकालाच. तो कानाला माईक लावून रंगमंचावर उभा राहतो आणि दोन तासांत रानातल्या झाडाला तारा गुंडाळून, पिळून, 'कलाकृती' करून दाखवतो. लोक टाळ्या वाजवतात. दोन महिन्यांनी झाड मरते तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी तिथे नसते. त्याच्या कार्डावर 'तिसऱ्या पिढीचे गुरू' असे छापले आहे. दुसऱ्या पिढीत मी येते की त्याचा बाप, हे त्याला विचारायचे राहून गेले.

कलम ३. माझ्या अस्थी वडिलांच्या बाजूला ठेवाव्यात. नवऱ्याच्या बाजूला ठेवू नयेत. या घरात जे झाड मेले ते माझ्या पाण्याने मेले आणि जे जगले ते त्याच्या कलेने जगले, असा एकोणपन्नास वर्षे हिशेब होता. थडग्यावर पाणी घालायला लोक येतील तेव्हा तो तोच हिशेब पुन्हा सुरू करेल.

कलम ४. एकशे अकरा झाडे तालुक्याच्या शेतकी शाळेला. अट एकच: पहिली तीन वर्षे कोणीही कात्री हातात धरायची नाही, फक्त पाणी घालायचे. वडिलांनी मला असेच शिकवले. माझा नवरा या तीन वर्षांतले अकरा दिवस टिकला.

कलम ५. आता एकशे बारावे झाड. हे कलम लांब आहे, वकिलांनी उसासे टाकू नयेत.

मी चार वर्षांची असताना वडील दोरावरून कड्यात उतरले आणि हे जुनिपरचे झाड ओल्या शेवाळात गुंडाळून पाठीवर घेऊन आले. बहुतेक खोड तेव्हाच वाळून पांढऱ्या हाडासारखे झालेले, आणि त्याच्या मागून करंगळीएवढी जिवंत सालीची एक शीर वर चढलेली. तेवढ्यावर ते झाड उन्हावाऱ्यात शेकडो वर्षे जगले होते. माझ्या नवऱ्याने मात्र त्याला एका दुपारी मारले. पाहुण्यांसमोर मर्दुमकी दाखवायची म्हणून खोड वाकवले. मी म्हणाले, "अहो, शीर तडकेल." तो पाहुण्यांना म्हणाला, "आमच्या बायकोला झारी तेवढी कळते." सगळे हसले. शीर तडकली.

जुनिपरचे एक आहे, मेल्यावरही काही महिने ते हिरवेच दिसते. मोठ्या माणसांच्या कीर्तीचे तसेच असते. मी नखाने साल खरवडून पाहिली तेव्हा आत तपकिरी होते. त्याच आठवड्यात नवऱ्याच्या मांडीचे हाड मोडले. कड्यावरून पडलो, असे तो पुढे सांगत असे. प्रत्यक्षात कड्याची गोष्ट सांगता सांगता तो दारूच्या गुत्त्यात स्टुलावरून पडला. त्यानंतर दोन वर्षे त्याला, हे झाड जिथे होते त्या वरच्या पायरीपर्यंत चढता आले नाही.

त्या दोन वर्षांत मी ते केले. याच झाडाच्या छाटलेल्या फांदीपासून मी बावीस वर्षे एक रोप वाढवले होते. मेलेल्या खोडाच्या मागच्या बाजूला खोबण कोरली, रोपाचे लवचिक खोड तिच्यात बसवले आणि तीन पितळी स्क्रूंनी आवळले. आमच्या धंद्यात अशा लबाड झाडाला तानुकी म्हणतात, सोंगे घेणाऱ्या त्या गोबऱ्या तोंडाच्या जनावरावरून. मी ते आधी भीतीने केले. झाड मेल्याचा दोष माझ्याच झारीवर आला असता.

पुढे भीती गेली आणि मजा वाटू लागली. तोक्योच्या प्रदर्शनात या झाडाला पहिला मान मिळाला. परीक्षक त्याच्यापुढे उभे राहून कौतुकाने दातांतून हवा ओढत होते. एकाही शहाण्याला मागे जाऊन बघावेसे वाटले नाही. परवा शिगेताका कोबेच्या एका संग्राहकाला घेऊन आला आणि म्हणाला, "चारशे वर्षांचं आहे, साहेब." मी म्हणाले, "अर्धं." तो म्हणाला, "आईचं मनावर घेऊ नका, वय झालंय तिचं." त्याने झाड परस्पर विकायचे ठरवले आहे. आता विकून दाखव, बाळा.

कलम ६. हे झाड एकाच माणसाने ओळखले. ओची इसामु, आधीचा पोस्टमन. छत्तिसाव्या वर्षी नोकरी सोडून माझ्या नवऱ्याकडे शिकायला आला, म्हणून सगळे त्याला हसत. त्याने मात्र दोन वर्षे निमूटपणे पाणी घातले. प्रदर्शनानंतर ओसरीवर मंडळी जमली होती, मी चहाचा ट्रे धरून उभी होते. ओची म्हणाला, "गुरुजी, रागावू नका. या झाडाची जिवंत शीर खोडातून निघालेली नाही. मागून बसवल्यासारखी वाटते."

"पोस्टमन," नवरा म्हणाला, "दुसऱ्यांची पाकिटं उघडून बघायची खोड गेली नाही वाटतं तुझी? तुला नजर नाही. या धंद्यात आंधळ्यांचं काम नाही. चालता हो!"

ओचीने माझ्याकडे पाहिले. रोज झारी माझ्या हातात असे, मला ठाऊक असणार हे त्याला कळले होते. मी म्हणाले, "चहा घ्या सगळे, थंड होतोय."

तो गेला आणि त्याने पुन्हा झाडाला हात लावला नाही. आता संत्र्यांच्या बागेत पेट्या भरतो. दर नववर्षाला त्याचे एक कार्ड येते. त्यावर एवढेच असते: "झाड कसं आहे, काकू?" अशी सव्वीस कार्डे झाली. मी एकालाही उत्तर दिले नाही.

वर मी पुष्कळांना नावे ठेवली आहेत. त्या ओसरीवर सर्वांत नीच मी होते. बाकीच्यांना दिसत नव्हते, मला दिसत होते.

सबब ते झाड मी ओची इसामु यांना देते. सोबत त्यांची इथे राहिलेली कात्री, जी मी दर महिन्याला तेल लावून ठेवली आहे. शिगेताकाने हरकत घेऊ नये. पण मेल्यावर खरे बोलणे हे भित्र्यांचे काम आहे, म्हणून या मजकुराची प्रत मी आजच त्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. झाडाची पाठ रस्त्याकडे करून ठेवली आहे. ते आले तर चहा देईन, आणि या वेळी गप्प बसणार नाही.

कायद्याला माझ्या हस्ताक्षरापुढे साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

साक्षीदार १: योशिमोतो हात्सु, तोफूवाली. तिने वाचून "अगं बाई!" म्हटले, तीच तिची साक्ष.

साक्षीदार २: मोरिसाने केंजी, आमच्या भागाचा पोस्टमन. सही करून, पाकिटावरचा पत्ता वाचून तो थांबला. म्हणाला, "आजी, हे ओचीसान दर जानेवारीत आमच्या ऑफिसात येतात. तुम्हाला पाठवलेलं कार्ड पोचलं का, विचारतात. मी काय सांगू?"

मी सांगितले, "पोचलं म्हणून सांग. सगळी पोचली."

साइजो, रेइवा पाचवे वर्ष (सन २०२३), अकरा नोव्हेंबर.
(सही व शिक्का) सोगा मित्सुए