विक्रेता क्रमांक सात

४ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. पुढेमागे कुणी म्हणालं की कल्पना माझी होती, तर तारखेनिशी पुरावा हवा. वही स्कॅनरच्या रिकाम्या खोक्यात राहील. तिथे घरात कुणी हात घालत नाही.

शनिवारी परसोत्तमभाईंच्या कारखान्यातली खुर्ची सोडली. सोळा वर्षं त्यांच्या एम्ब्रॉयडरी मशिनांना डिझाइनं पुरवली. माझ्या बायकोचे, रसीलाचे, ते थोरले भाऊ, म्हणून इतकी वर्षं तोंड उघडलं नाही. आता सुरतेतल्या सगळ्या डिझायनरांसाठी ऑनलाइन बाजार उघडणार. डिझायनरने फाइल चढवायची, जेतपूरच्या नाहीतर जयपूरच्या कारखानदाराने ती घरबसल्या विकत घ्यायची. पेनड्राइव्ह बंद. पेनड्राइव्ह म्हणजेच चोरी. माझी मोरवेल सोमवारी दिली आणि गुरुवारी बाजारात चार दुकानांत टांगलेली. या शहरात डिझाइन दाखवायला नेलं की चहा येईपर्यंत त्याचा फोटो निघालेला असतो.

परसोत्तमभाईंना सांगून आलो, दिवाळीनंतरच्या लाभपाचमेला मुहूर्त. ते म्हणाले, खुर्ची लाभपाचमेपर्यंत रिकामी ठेवतो, हरसुखकुमार, मग मात्र दुसरं कुणी बसवीन. मी म्हटलं, आजच बसवा. त्यावर हसले. घरचा जावई म्हणून मला कुमार म्हणतात. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते शोधून काढलं पाहिजे.

५ सप्टेंबर

नाव ठरलं. हरसुखबजार. रसीला म्हणाली, टांकाबजार ठेवा, सगळ्यांना आपलं वाटेल. नेमकं तेच नको आहे.

नोंद करून ठेवतो. माझ्या डिझाइनची खूण म्हणजे प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन उलटे टाके. आमच्या अख्ख्या वराछात दुसरं कुणी असं करत नाही. डिझाइन मी तोंडी सांगतो, कॉम्प्युटरवर टाके रसीला घालते. पण तो तपशील झाला.

७ सप्टेंबर. दुपारी.

झंखनाबेन देसाईंना भेटलो. अडाजणला कॉम्प्युटर क्लास चालवतात, वेबसाइटही करून देतात. म्हणाल्या, तयार सॉफ्टवेअर मिळतं, त्यात पाहिजे तितके विक्रेते बसतात, दोन आठवड्यांत बाजार उभा. इतक्या लवकर? मग आतून दार कुणाच्या हातात राहणार? विचारलं. म्हणाल्या, पासवर्ड तुमचाच, पण अडलं तर माझ्याकडेही असेल. वाटलंच.

तोडगा काढला. विक्रेत्यांची कागदपत्रं ज्या तिजोरीत राहतील तिचा पासवर्ड दोन तुकड्यांत. अर्धा त्यांचा, अर्धा माझा. दोघं एकत्र बसल्याशिवाय उघडणार नाही. झंखनाबेन म्हणाल्या, बाजार उघडताय की लॉकर? विनोदाच्या आडून माणूस खरं बोलतो. लक्ष ठेवायला हवं.

१३ सप्टेंबर

विक्रेत्यांसाठी नियम लिहिले. एकोणीस झाले. आधार, फोटो, लाइट बिल, ओळख देणाऱ्या दोघांच्या सह्या. शिवाय खोडियार मातेची शपथ की डिझाइन माझ्या स्वतःच्या हातचं आहे. झंखनाबेननी विचारलं, शपथ चौकोनात टिक करून घ्यायची का? हो. आपल्या लोकांत कायद्याला कुणी घाबरत नाही, मातेला घाबरतात.

विक्रेत्यांची नावं कुठेही दिसणार नाहीत. फक्त क्रमांक. नाव दिसलं की गिऱ्हाईक परस्पर फोन करणार आणि माझा बाजार ओस पडणार. क्रमांक कुणाचा, हे फक्त तिजोरीत.

२५ सप्टेंबर

मनहर काकडिया आला. शेजारच्या सोसायटीतला डिझायनर, बारा वर्षांची दोस्ती. खमण घेऊन आला. खमण कशाला? बोलता बोलता दोनदा स्क्रीनकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं. तो गेल्यावर मॉनिटर भिंतीकडे फिरवला. आता मी भिंत आणि मॉनिटर यांच्या मधे बसतो. जागा दीड फूट. पाठ धरली आहे, पण सुरक्षित आहे.

२ ऑक्टोबर

प्रिव्ह्यूचा प्रश्न. डिझाइन दाखवलं नाही तर विकणार कसं, दाखवलं तर चोरणार. आजकाल फोटो टाकला की सॉफ्टवेअरच त्यावरून टाके घालून देतं. म्हणून प्रत्येक चित्रावर आडवं, उभं, तिरकं छापणार : हरसुखबजार. चोरी करू नये. झंखनाबेन म्हणाल्या, अहो, फूल दिसत नाही. म्हटलं, अक्षरं दिसतात ना? मग झालं.

९ ऑक्टोबर

धावपळ. रसीलाने कसल्याशा फॉर्मवर सही मागितली. गॅसचा असेल. केली. घरच्या कागदावर कसला संशय घ्यायचा?

२९ ऑक्टोबर, चंदी पडवो

आजच्या सणाची घारी खाल्ली. मनहरने पाठवलेली नाही, विकतची.

आतापर्यंत विक्रेते सात. एक ते सहा यांच्या फाइली तपासल्या. अस्सल सुरती नग. एकाने वेलीची डावी बाजू चढवली आहे, खाली टीप : उजवी बाजू पैसे आल्यावर. दुसऱ्याने सन दोन हजार आठची डिझाइनं. तिसऱ्याने बुट्टीचा फक्त देठ. म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. माझ्यावर! एकोणीस नियम मी कुणासाठी लिहिले?

विक्रेता क्रमांक सात मात्र वेगळाच. अकरा डिझाइनं, अकराही पूर्ण. वर मूळ फाइलसुद्धा दिली आहे, जिच्यात हवा तो बदल करता येतो. ती फाइल या धंद्यात सख्खा भाऊ भावाला देत नाही. इतका सरळ माणूस सुरतेत आला कुठून? नक्की काहीतरी काळंबेरं.

३० ऑक्टोबर

सातचं नाव बघायला तिजोरी उघडायची होती. झंखनाबेन त्यांचा अर्धा पासवर्ड घेऊन आल्या. पण माझा अर्धा टाइप करताना त्यांचं लक्ष माझ्या बोटांवर. चष्मा नवीन होता. उघडली नाही. चहा पाजून परत पाठवलं.

११ नोव्हेंबर

अर्धं वराछा काठियावाडला गावी गेलं. मनहर जाताना विचारून गेला, लाभपाचमेला इथे कुत्रं नसतं, मग उघडणार कुणासाठी? म्हटलं, ऑनलाइनला गाव नसतं. वाक्य चांगलं जमलं, मुहूर्ताच्या भाषणात घ्यावं. भाषण ऐकायला रसीला आणि झंखनाबेन.

१८ नोव्हेंबर, शनिवार, लाभपाचम

९.१५. मुहूर्त झाला. रसीलाने कीबोर्डवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला. स्पेसबार चिकटतो आहे.

१०.००. तीन जण येऊन गेले. त्यात दोनदा मीच.

१०.४०. ऑर्डर. जेतपूरहून. पहिली ऑर्डर, आणि तीही लाभपाचमेला. रसीला दारातच उभी होती. तिने विचारलं, कुणाचं डिझाइन गेलं? म्हटलं, सात नंबरचं. ती गूळ आणायला आत पळाली. माझ्या ऑर्डरीचा तिला इतका आनंद! बाई मनाची मोठी आहे.

१०.५५. पाठवण्याआधी फाइल उघडून बघितली. वरची अक्षरं गेल्यावर फूल पहिल्यांदाच नीट दिसलं. पाकळीच्या टोकाला तीन उलटे टाके. अकराही डिझाइनांत. माझी खूण. शपथेवर टिक करून माझंच डिझाइन माझ्याच बाजारात विकायला ठेवलं आहे.

११.१०. ऑर्डर रद्द केली. सात नंबर बंद केला. पहिल्या पानावर लाल अक्षरांत सूचना लावली : विक्रेता क्रमांक सात चोर आहे. रसीला गुळाची वाटी घेऊन मागे उभी होती. तिने सूचना वाचली, वाटी टेबलावर ठेवली आणि गेली. तिलाही धक्का बसलेला दिसतो.

१२.००. झंखनाबेनचा फोन. म्हणाल्या, लाभपाचमेची बोहणी कुणी परत पाठवतं का, हरसुखभाई? भिकारीसुद्धा पाठवत नाही. या कुणाच्या बाजूने आहेत?

१९ नोव्हेंबर

जेवताना रसीलाने ताटात रोटला वाढला आणि म्हणाली, "चोराच्या हातचा रोटला चालतो ना तुम्हाला?"

विचार केला. मनहरच्या बायकोने गावाहून बाजरीचं पीठ पाठवलं आहे, त्याबद्दल असणार. म्हटलं, पिठाचा काय दोष? रोटला चांगला होता.

२२ नोव्हेंबर

संशयितांची यादी केली. १) मनहर. २) झंखनाबेन. ३) परसोत्तमभाई. ४) मनहर.

१ डिसेंबर

रसीला आजपासून सकाळी भावाकडे जाते. वहिनीला मदत हवी असेल. लग्नसराई आहे. जाताना स्वतःचा माउस घेऊन गेली. वहिनीकडे माउस कशाला, ते मनात आलं, पण राहून गेलं.

घर शांत. बाजारही.

८ डिसेंबर

पाच विक्रेते सोडून गेले. कारण लिहिलं आहे : जिथे एकाला न विचारता चोर ठरवतात, तिथे उद्या आमचा नंबर. सहावा राहिला, कारण तो पासवर्ड विसरला आहे. म्हणजे पाया पक्का आहे. यापुढे थोडे पण निष्ठावंत विक्रेते, हे धोरण.

१४ डिसेंबर, गुरुवार

लिहावं की नाही कळत नाही. पण पुराव्यासाठी वही ठेवली आहे, तेव्हा लिहितो.

बाजारात मनहर भेटला. टाळणार होतो, पण त्याने हाताला धरून लोचो खायला नेलं. समोरून एक बाई आली. जांभळा दुपट्टा, त्यावर सोनेरी वेल, आणि वेलीवर आडवं, उभं, तिरकं सोनेरी जरीत भरलेलं : हरसुखबजार. चोरी करू नये. कुणीतरी प्रिव्ह्यूचा फोटो काढून तो तसाच सॉफ्टवेअरला घातला होता, आणि सॉफ्टवेअरने अक्षरांनाही पानंफुलं समजून टाके घातले. पुढच्या दुकानात तसलेच साठ दुपट्टे. दुकानदार म्हणाला, लिहिलेलं चालतं आहे, नवी फॅशन आहे.

क्षणभर छाती फुगली. साठ बायकांच्या खांद्यावर माझं नाव. जाहिरात फुकट.

मनहरने दुपट्ट्याचं टोक हातात घेतलं, उजेडाला धरलं आणि म्हणाला, "अरे, ही तर रसीलाबेनची वेल. पाकळीच्या टोकाला तीन उलटे टाके. अख्ख्या वराछाला माहीत आहे, तुला नाही?"

मी म्हटलं, ती माझी खूण आहे. त्याने माझ्याकडे बघितलं. हसला असता तर बरं झालं असतं. लोचो थंड झाला.

१५ डिसेंबर. सकाळी.

झंखनाबेनकडे गेलो. त्यांनी त्यांचा अर्धा पासवर्ड टाकला आणि उठून खिडकीपाशी पाठ करून उभ्या राहिल्या. मी माझा टाकला. तिजोरी उघडली.

विक्रेता क्रमांक सात. लाइट बिल : माझ्या घराचं, माझ्या नावाचं. आधार : रसीला हरसुख वघासिया. फोटो : चार वर्षांपूर्वीचा, मीच काढून आणला होता. ओळख देणारा पहिला : परसोत्तमभाई. दुसरा : हरसुख वघासिया. सही माझी. नऊ ऑक्टोबर. गॅसचा फॉर्म.

एकोणीसच्या एकोणीस नियम पाळणारा माझ्या बाजारात एकच विक्रेता होता. शपथ खरी होती. खोटी होती ती माझी पाच सप्टेंबरची नोंद. झंखनाबेनना म्हटलं, तुम्ही आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, तुमचाच नियम सात, क्रमांक कुणाचा ते कुणाला सांगायचं नाही. शिवाय रसीलाबेन म्हणाल्या होत्या, पहिली ऑर्डर आली की मीच सांगेन, गुळाबरोबर.

लाल सूचना काढून टाकली. तिच्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही. पान कोरं आहे. घरी आलो, गुळाची वाटी शोधली. ती केव्हाच फडताळात गेली होती, घासून पुसून.

संध्याकाळी रसीलाला सांगितलं की माझी चूक झाली. ती म्हणाली, हं. मग म्हणाली, जेतपूरवाल्याला मी फोन केला होता, वेल पाठवली त्याला. आणखी चार मागितल्या त्याने.

१८ डिसेंबर, सोमवार

परसोत्तमभाईंकडे गेलो. खुर्ची मागायची होती. कमुरता सुरू आहे, नवं काम सुरू करू नये, पण जुनी खुर्ची चालते.

खुर्चीवर रसीला होती. माउस तिचा. मॉनिटर दाराकडे तोंड करून, येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं दिसतं. मागे दोन डिझायनर उभे राहून बघत होते आणि ती त्यांना तीन उलटे टाके कसे घालायचे ते शिकवत होती. फुकट. मी म्हटलं, चोरतील. ती म्हणाली, चोरू दे, मला पुढचं येतं.

परसोत्तमभाई म्हणाले, डिझाइनची खुर्ची भरली, हरसुखभाई. कुमार म्हणाले नाहीत. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना फाइली पाठवायचं काम आहे, करणार का? पण माणूस रसीलाबेनच ठेवतात, त्यांना विचारा.

रसीलाने टेबलाच्या खणातून फॉर्म काढला. माझाच. एकोणीस नियमांचा. आधार आणलं होतं. फोटो आहे. लाइट बिल घरी आहे, दोघांचं एकच. ओळख देणाऱ्या दोघांच्या सह्या.

मनहरकडे गेलो. त्याने न वाचता केली.

दुसरी सही रसीलाची लागेल. ती म्हणाली, वाचून सांगते.